पॉम्पेईतली खानावळ

कुवेतमध्ये हवल्लीत आमची खानावळ होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर आमचं घर. मी वर रांधायची, नवरा खाली वाढायचा. भरलेली पातेली जिन्याने खाली जायची, रिकामी वर यायची. मधल्या वेळात त्यांचं काय व्हायचं ते मला फक्त ऐकून माहीत. "अगो, सरंगा संपला, अजून आहे का?" नवऱ्याची ही हाक, एवढाच माझा गिऱ्हाइकांशी संबंध. रत्नागिरीकडच्या आमच्या घरातली सून दुकानात उभी राहत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

तिथल्या शुऐबा गावात बंदराचं काम चालू होतं तेव्हा एक इटालियन फोरमन रोज जेवायला यायचा. आमचं माशाचं तिखलं खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी पुन्हा मागायचा. काम संपवून नेपल्सला परत निघताना त्यानं बजावलं, "एकदा घरी या. नाही आलात तर तुमचा माझ्यावर राग आहे असं समजेन." माझ्या नवऱ्यानं ते भलतंच मनावर घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात दुकान धाकट्या दिरावर टाकून आम्ही दोघं खरोखरच विमानात बसलो.

फोरमन आम्हाला आगगाडीने पॉम्पेईला घेऊन गेला. जून महिना. तो सारखा घाम पुसत होता आणि मी साडीवर स्वेटर चढवलेला! कुवेतच्या जूनमधून आलेल्या माणसाला ती हवा म्हणजे महाबळेश्वरच.

"तो डोंगर," त्यानं दूरच्या निळसर डोंगराकडे बोट दाखवलं, "एक दिवस फुटला. राख, दगड. शहर खलास." खलास हा शब्द तो शुऐबाच्या कामावर शिकला होता.

दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांचे चर अजून होते. नवऱ्याला देवळांशी काही देणंघेणं नव्हतं. तो प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर थांबत होता. एका वळणावर तर तो ओरडलाच, "अगो, ही बघ खानावळ!" रस्त्याला लागून दगडी ओटा, ओट्यात गोल भोकं, भोकांत मातीचे रांजण बसवलेले. नवरा वाकून रांजणात डोकावला. "डाळ ठेवत असणार."

"इथला मालक कोण होता?" त्यानं विचारलं.

"मालक नाही, मालकीण असेल. भिंतीवर बायांची नावं सापडलीत."

"मग ती वर राहायची?"

फोरमन हसला. "छे, इथे. ओट्यामागे."

मी ओट्याला वळसा घालून मागे जाऊन उभी राहिले. उंची अगदी माझ्या कंबरेची. एक गोऱ्या म्हाताऱ्या बाई रस्त्याने चालल्या होत्या, त्यांनी गमतीनं हात ताटासारखा पुढे केला. मीही रांजणातून पळीभर हवा वाढली. दोघी खळखळून हसलो. तेवढ्यात पहारेकऱ्यानं शिट्टी मारली आणि माझं दुकान बंद झालं.

पुढे काचेमागे राखेत गाडल्या गेलेल्या माणसांचे प्लास्टरचे पुतळे होते. एकजण गुडघे पोटाशी घेऊन, तोंड हातांनी झाकून बसलेला. माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना.

"ती ओट्यामागची बाई वेळेत निघाली असेल का हो?" मी फोरमनला विचारलं.

परतीच्या गाडीत फोरमनला डुलकी लागली. मी नवऱ्याला म्हटलं, "मला खाली यायचंय."

"कुठे खाली?"

"दुकानात."

"लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? अर्धी गिऱ्हाइकं पॅलेस्टिनी, उरलेली मलबारी."

"आणि आईला कळलं तर?"

"आईंना मी सांगेन."

मग तो म्हणाला, "दुपारी. फक्त दुपारी."

कुवेतला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाळेतली एक पॅलेस्टिनी मास्तरीण दारातून डोकावली. आत बाई उभी दिसली तशी निर्धास्त येऊन बसली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आली. बायका बसतात म्हटल्यावर कुटुंबंही येऊ लागली, आणि दुपारची वेळ हळूहळू संध्याकाळपर्यंत लांबली. माझं जेवण चाखताना लोकांचे चेहरे कसे होतात, ते मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बघत होते.

सासूबाईंना सांगितलं ते गावी गेल्यावर. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू खाली, मग वर चुलीपाशी कोण?"

"तुमचा मुलगा."

तेव्हा मात्र त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.