मागून मारलेली हाक

विशेष शिक्षिका शाळेत येणार आहेत, मनूची तपासणी करायची आहे, असा निरोप आला. माझी मनू दुसरीत होती. बोलणं बोबडं, वर्गात लक्ष नाही. एकदा ‘मंद’ म्हणून शिक्का बसला की शाळा सुटणार, एवढंच माझ्या डोक्यात. सासूबाईंच्या मते तिला बाहेरचं काहीतरी लागलं होतं. तपासणीला संमती द्यायचं मी टाळलं आणि पोरीला घेऊन म्हसळ्याहून थेट हरिहरेश्वर गाठलं.

रीतीप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असं दर्शन घेतलं. ओहोटी होती म्हणून कड्याखालच्या प्रदक्षिणेच्या वाटेला उतरलो. भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. वळणावर एका खडकावर एक बाई बसली होती, हिरवं लुगडं ओलंचिंब. ती उठली, मनूच्या अगदी पाठीशी गेली आणि तिने दोन दगड एकमेकांवर जोरात आपटले. मी दचकले. मनूने मानसुद्धा वळवली नाही. बाईने पुन्हा आपटले, तरी तेच. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “बाय, पोरीला कोनी धरलेलं न्हाय. तिला हाक पोचत न्हाय.” मी मनूला जवळ ओढलं आणि वर पाहिलं, तर कोणी नव्हतं. पुढेमागे वाट मोकळी. ती बसली होती तो खडक हात लावून पाहिला, तर कोरडा ठणठणीत.

घरी आल्यावर मी संमती दिली. शिक्षिकांनी मनूपुढे चित्रं ठेवली, ठोकळे दिले. ते तिने भराभर लावले, तोंडी विचारलं की मात्र गप्प. मग त्यांनी मला विचारलं, “घरी काही वेगळं जाणवतं का?” एरवी मी ताकास तूर लागू दिली नसती, पण म्हटलं, “मागून हाक मारली तर वळत नाही.” त्या उठून मनूच्या पाठीशी गेल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. मी डोळे मिटून घेतले.

पुढे दवाखान्यात कान तपासले, ऐकण्याचं यंत्र मिळालं. मनू त्याच शाळेत पहिल्या बाकावर बसते, शिक्षिका अधूनमधून येऊन शिकवतात. पूर्वी आम्ही तिच्या पाठीमागे हवं ते बोलायचो, आता पंचाईत झाली आहे.

नंतर दर्शनाला गेलो, तेव्हा त्याच वळणावर मनू थबकली. मागे वळून रिकाम्या खडकाकडे बोट दाखवत म्हणाली, “आई, ती बोलावते.” मी कान दिला. लाटांशिवाय मला काही ऐकू आलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी तिथेच हात जोडले आणि म्हटलं, देवा, मला नाही ऐकू आलं तरी चालेल. जिला यायला हवं होतं, तिला आलं.