सिनेमात नसलेला फुलवाला

आमच्या राजापेठेत गोपालभाऊंइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांचं फुलांचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून. सकाळी झेंडूचे कॅरेट उतरले की हा माणूस वरच्या फुलांकडे बघतसुद्धा नाही. बाही सारतो, कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळातलं फूल काढून हुंगतो. वर ताजं नि खाली सडकं, हा धंद्यातला जुना डाव आहे, त्यामुळे दुकानात त्यांचं चुकत नाही. पण घरात दूध संपलं असं बायकोनं सांगितलं तरी ते फ्रिज उघडून बघतात. रागिणीवहिनींनी त्यावर भांडणं कधीच सोडून दिलं.

मुलगी खुशी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते, वसतिगृहात राहते. रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल. "जेवली का?" झालं की दुसरं वाक्य ठरलेलं, "कॅमेरा फिरव." मग पोरगी पलंग, खिडकी, दारामागची बाजू, सगळं दाखवते. गेल्या वर्षी बस चुकली म्हणून वर्गातल्या एका मुलाच्या गाडीवर ती वाटेतल्या मूर्तिजापूरपर्यंत आली होती. घरी येऊन तिनं ते खरं खरं सांगितलं. गोपालभाऊंनी आठ दिवस तिचा फोन काढून घेतला. त्यानंतर ती नेहमी एकटीच आल्याचं सांगू लागली, आणि गेले चार महिने तर आलीच नाही. कधी परीक्षा, कधी प्रॅक्टिकल, कधी ताप. पोरगी घरी का येत नाही, या एका गोष्टीनं गोपालभाऊंना आतून पोखरलं होतं.

अशातच एका दुपारी ते मोबाइल घेऊन माझ्या दुकानात शिरले. "शेखर, हे तुह्या कॉम्प्युटरवर उघड. माह्या फोनवर नाई उघडत मी. लिंक दाबली की फोन हॅक होते."

"आन माहा कॉम्प्युटर?"

"तुहा बिघडला तं तुले दुरुस्त करता येते."

लिंक 'गोडी विहीर'च्या ग्रुपवर आली होती. हा सिनेमा तीस वर्षांपूर्वी थेटरात जेमतेम चार दिवस टिकला. खारपाणपट्ट्यातलं गाव, तिथं गोड्या पाण्याची एकच विहीर, आणि ती शोधत दोस्तासोबत आलेला परका वाटसरू, एवढीच गोष्ट. पण पुढे सीडीवरून, मग मोबाइलवरून तो दर्यापूर-अकोल्याकडे असा पसरला, की लग्नाच्या पंगतीत लोक त्यातले संवाद एकमेकांवर फेकतात. गोपालभाऊंना तर तो अथपासून इतिपर्यंत पाठ. खुशीलाही त्यांनीच मांडीवर बसवून दाखवला होता.

आता कुणीतरी त्या सिनेमावर गेम केला होता. डाउनलोड काही नाही. ब्राउझरमध्ये उघडायचा, माउसनं गावात फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि विहीर शोधायची. पहिल्याच पानावर 'सिनेमावेड्यांनी सिनेमावेड्यांसाठी, फुकट' असं लिहिलेलं, आणि खाली दोन नावं. खुशी. स्वप्निल.

"हा स्वप्निल कोन?" गोपालभाऊ माझ्याकडेच रोखून बघत म्हणाले.

"मले काय मालूम?"

"तुले मालूम असंन. सारे पोट्टे तुह्याकडंच फॉर्म भरतेत."

मी हात जोडले आणि माउस त्यांच्याकडे सरकवला. या दोघांचं काय चाललंय ते गेमात सापडेल, अशी त्यांची खात्री होती. पण गाव उघडलं आणि दहा मिनिटं हा माणूस संशय विसरला. चावडी, शाळेची घंटा, लिंबाखालची मोडकी बैलगाडी, सगळं हुबेहूब. वाटसरूचा दोस्त झाडाआड थांबला होता, सिनेमात थांबतो तसाच. "मेहनत केली हो पोट्ट्यायनं," ते म्हणाले. मग विहिरीच्या वाटेवर एक फुलांचं दुकान लागलं आणि त्यांचा हात थांबला.

"सिनेमात फुलवाला नाई."

विहिरीला हार घातल्याशिवाय पुढची वाट मिळत नव्हती. गोपालभाऊंनी फुलवाल्यावर क्लिक केलं. तो म्हणाला, "झोळी खाली ठेव." मग त्यानं बाही सारली आणि कोपरापर्यंत हात झोळीत घातला. मला हसू आवरेना. गोपालभाऊंचे कान तापले होते.

"हे त्या पोट्ट्याचं काम. पोरीकडून ऐकून माही टिंगल करून राहिला."

फुलवाल्यानं विचारलं, "कोनासंग आला?" उत्तरं दोनच होती, 'दोस्तासोबत' आणि 'एकटाच'. गोपालभाऊंनी खरं उत्तर दाबलं. "निंघ इथून," फुलवाला म्हणाला आणि वाटसरू पुन्हा वेशीवर. त्यांनी परत यायचं, परत खरं सांगायचं, परत हाकलून घ्यायचं. चार वेळा झालं.

"गेम बिघडेल हाये," ते म्हणाले. "खरं सांगून राहिलो तं ऐकतच नाई हा."

मी माउस घेतला आणि 'एकटाच' दाबलं. फुलवाला हसला. "असं खरं बोलावं मानसानं. घे, घेऊन जा हार."

वाट उघडली होती, पण गोपालभाऊ पुढे गेले नाहीत. बराच वेळ त्यांनी त्या हसऱ्या फुलवाल्याकडे बघितलं.

"हे पोट्ट्यानं नाई लिहिलं," ते हळूच म्हणाले. "पोरीनं लिहिलं."

मघाशी हसलो याची मला लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथं खुशीला फोन लावला. साधाच, व्हिडिओ नाही.

"तुहा गेम पाहिला मी."

तिकडून सावध आवाज, "कोनता गेम?"

"चांगला केला. फुलवालाबी चांगला हाये. आयक, रविवारी घरी ये. एकटी नसशीन तं त्यालेबी घेऊन ये. मी काई विचारत नाई."

मग ती म्हणाली, "बाबा, तुमच्याजवळ कोन बसलं हाये?"

"शेखर हाये. त्याच्या दुकानात आलो."

"त्यायनं शिकवलं का तुमाले असं बोलाले?"

"नाई बेटा. मीच म्हणून राहिलो."

"आन मी आली, मंग काय करसान?"

"काई नाई करत."

"शपथ?"

"तुही शपथ."

"बरं. पाहतो. रविवारी प्रॅक्टिकल हाये बहुतेक," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

गोपालभाऊंचा चेहरा मला बघवेना. ज्या माणसानं जन्मभर कुणाचाच शब्द खरा धरला नाही, तो पहिल्यांदाच मनापासून काही बोलला होता.

"शेखर," ते म्हणाले, "तिले खरं वाटलं असंन का?"

"नाई वाटलं, भाऊ," मी म्हणालो.