अडवलेलं नाव

हॉस्पिटलात त्याला सगळे एरंडेल म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. बघावं तेव्हा एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसलेला. नमस्कार केला तर मान हलवणार नाही, चहा विचारला तर म्हणणार, "मी मागितला का?" तळमजल्यावर जिन्याखालच्या थंडगार खोलीत त्याचा युनिक्सचा सर्व्हर होता आणि अख्ख्या इमारतीतले प्रिंटर त्या सर्व्हरवरून चालायचे. केसपेपर, बिलं, लॅबचे रिपोर्ट, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, कागदावर जे काही उमटायचं ते याच्या मर्जीने उमटायचं. मर्जी हाच शब्द बरोबर आहे.

त्या सर्व्हरवर एक फाइल असायची आणि तिच्यात प्रत्येक प्रिंटरचं सेटिंग लिहिलेलं असायचं. प्रिंटर कुठे बसलाय, कागद कोणता, आणि खाली एक ओळ: कोणाला छापू द्यायचं नाही. ही ओळ असते ती चांगल्या कामासाठी. औषधाची लेबलं भलत्याच माणसाने छापू नयेत, एवढाच तिचा हेतू. पण ती एरंडेलच्या हातात पडली आणि त्याने तिचं हत्यार केलं. हिशेबखात्यातला कारकून एकदा त्याला "अहो प्रिंटरवाले" म्हणाला. दुसऱ्या दिवशी रंगीत प्रिंटरवर कारकुनाचं नाव बंद. एक डॉक्टर दारात उभं राहून "काय हो कोंदट वास येतो इथे" म्हणाले. मग ते डॉक्टर कितीतरी दिवस शेजारच्या विभागात कागद आणायला जात होते आणि आपलं काय चुकलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. माणसं हातापाया पडली की हा नाव काढून टाकायचा, आणि वर ऐकवायचा, "सर्व्हरला सांगून बघतो."

एकच नाव त्याने कधी काढलं नाही. ते त्याच्या स्वतःच्या मुलीचं होतं.

मुलगी त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. काही वर्षांपूर्वी एकदा लॅबचे रिपोर्ट भलत्याच मजल्यावर निघाले. एका माणसाचा रिपोर्ट दिवसभर बाळंतिणींच्या वॉर्डात पडून राहिला आणि तो माणूस दगावता दगावता वाचला. चौकशी बसली. एरंडेलने हात झटकले. "लॅबमधल्या पोरींनी चुकीचा प्रिंटर निवडला, दुसरं काय!" आता त्या पोरींमध्ये एक आपलीच आहे, हे काय त्याला माहीत नव्हतं? मुलगी उठली आणि अधीक्षक बाईंना सरळ म्हणाली, "आम्ही बरोबरच निवडला होता. सेटिंग चुकलं होतं. चूक बाबांची आहे."

आणि ते खरं होतं. एरंडेलला लेखी ताकीद मिळाली. त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी तो आपल्या खोलीत परत गेला आणि लॅबच्या प्रिंटरखाली मुलीचं नाव लिहून आला. त्यानंतर घरात एकमेकांचं तोंड बघणं बंद झालं. तिने वेगळी खोली घेतली, पुढे लग्न ठरवलं, बापाला बोलावलं. हा गेला नाही. तिला मुलगी झाली, तीही याने पाहिली नाही. डूख धरावा तरी किती? पोटच्या पोरीवर?

तेव्हापासून मुलीच्या कोपराशी असलेला प्रिंटर तिचं ऐकत नव्हता. रिपोर्ट तयार झाला की तो तिने वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरला पाठवायचा आणि जिना चढून घेऊन यायचा. दिवस भरत आले होते तेव्हासुद्धा ती अशीच कठडा धरून चढायची. लॅबमध्ये तिच्या शेजारी बसणारी तिची सोबतीण दणदणीत आवाजाची बाई होती. तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. "अगं, माझ्या नावाने पाठव ना! नाहीतर जा अधीक्षक बाईंकडे आणि उतरव त्या म्हाताऱ्याची मस्ती." मुलगी म्हणायची, "नको. त्यांनी अडवलंय, त्यांनीच सोडायचं. मी चढते जिना." शेवटी मुलगी तरी कोणाची!

आणि मग सर्व्हर बसला. सकाळी डिस्कमधून करकर आवाज आला आणि सगळे प्रिंटर एकदम मुके झाले. नर्सबाया हाताने लेबलं लिहायला लागल्या, बिलाच्या खिडकीशी आरडाओरडा सुरू झाला, आणि जो तो जिन्याखाली येऊन एरंडेलच्या दारावर थापा मारायला लागला. तो आतून ओरडला, "आता आठवण झाली होय माझी?" बदली सर्व्हर खोक्यात येऊन पडलेला होताच. त्याने तो उभा केला, टेपवरच्या बॅकअपमधून प्रिंटरच्या सेटिंगची फाइल काढून जशीच्या तशी त्यावर आणली आणि छपाईची यंत्रणा सुरू केली. एकेका विभागातून चाचणीचा कागद बाहेर पडला. काम चोख होतं, त्यात वाद नाही. पण जशीच्या तशी फाइल म्हणजे तिच्यातले सगळे आकसही जसेच्या तसे, आणि मुलीचं नावही.

वर लॅबमध्ये हे कोणाला माहीत असणार? सोबतीण सगळ्यांना सांगत सुटली, "नवा कोरा करकरीत सर्व्हर आलाय! सगळं पहिल्यापासून बसवलंय म्हणे." आणि मुलीच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "सुटलीस तू. आता मुद्दाम बसून तुझं नाव कोण लिहितोय?" मुलीने पुढची परीक्षानळी उचलली.

दुपारी एरंडेलची थोरली बहीण डबा घेऊन आली. ती विधवा, याच्याकडेच राहायची. त्याला अरेतुरे करणारी आणि वर फटकारणारी जगात तेवढी एकच. तिने डबा टेबलावर आपटला आणि दार लावून घेतलं.

"पोरीला दुसऱ्या शहरातल्या लॅबने बोलावलंय. जावई तयार आहे. ती अडून बसलीये ती तुझ्यामुळे."

"मी कोणाला अडवलेलं नाही, ताई."

"अडवलं नाहीस? मग इतकी वर्षं दुसरं केलंस काय, मेल्या?"

त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं.

"नीट ऐक. काल मला म्हणाली, आत्या, बाबा कधीतरी नवा सर्व्हर बसवतील. त्यावर त्यांनी मला सोडलं तर मी कुठे जात नाही, पोरीला घेऊन घरी येते. आणि तिथेही माझं नाव लिहिलं तर त्या लोकांना होकार कळवते. तुला सांगू नको म्हणाली होती. मी सांगितलं. आता काय दिवे लावायचे ते लाव."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "धमकी देते? मला?"

"धमकी कसली रे! गयावया करतेय ती. तुला कळेल तर शपथ." आणि ताई डबा तिथेच ठेवून निघून गेली.

एरंडेलने डबा उघडला, परत बंद केला. खुर्चीत नुसता फणफणत बसला. त्याला नात बघायची होती. हे तोंडाने कबूल करण्यापेक्षा त्याने जीभ चावून घेतली असती, पण त्याला नात बघायची होती, आणि मुलगी गाव सोडून जायला नको होती. शेवटी त्याने ती फाइल उघडली, लॅबच्या प्रिंटरपाशी आला, खालची मुलीच्या नावाची ओळ पुसली आणि फाइल जतन केली. मग बदल लागू व्हावा म्हणून छपाईची यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली.

इथेच माती खाल्ली. ती यंत्रणा चालू असते तेव्हा सगळी सेटिंगं तिच्या डोक्यात असतात, आणि बंद होताना ती डोक्यातलं सगळं परत फाइलीत लिहून टाकते. म्हणून आधी यंत्रणा बंद करायची, मग फाइलीला हात लावायचा. धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. एरंडेलने चालू यंत्रणेखाली ओळ पुसली आणि बंद होता होता यंत्रणेने ती होती तशी पुन्हा लिहून ठेवली. इतर वेळी तो प्रत्येक बदल दोनदा उघडून बघायचा. या वेळी बघितलं नाही. आपण नमलो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनीही बघायचं नव्हतं.

थोड्या वेळाने वर लॅबमध्ये मुलीने एक रिपोर्ट पूर्ण केला. सोबतीण हातातलं काम टाकून शेजारी येऊन उभी राहिली. मुलीने कोपराशी असलेला प्रिंटर निवडला आणि बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: या प्रिंटरवर तुम्हाला परवानगी नाही. सोबतिणीच्या तोंडून अशी शिवी गेली की पलीकडे रक्त द्यायला बसलेला म्हातारा दचकला. मुलीने हातमोजे काढले, टोपलीत टाकले आणि जिना उतरून खाली गेली.

खाली अधीक्षक बाई एरंडेलच्या दारात उभ्या होत्या. सर्व्हर वेळेत उभा राहिला म्हणून कधी नव्हे ते शाबासकी द्यायला आल्या होत्या. पूर्वी ताकीद दिली होती ती याच बाईंनी. त्यांच्या बाजूने मुलगी आत शिरली. कितीतरी वर्षांनी बाप आणि मुलगी एका खोलीत समोरासमोर आले होते.

"नव्या मशीनवरसुद्धा?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी? मुद्दाम बसून माझं नाव टाइप केलंत?"

एरंडेलने फाइल उघडली. ओळ जागच्या जागी होती. काय झालं ते त्याला एका क्षणात कळलं.

"मला दुसरं काही नको," मुलगी म्हणाली. तिचा आवाज कापायला लागला होता आणि त्याचाच तिला राग येत होता. "फक्त चुकून राहिलं म्हणा. नुसतं चुकून म्हणालात तरी मला पुरे, बाबा."

अधीक्षक बाईंनी विचारलं, "चुकून राहिलंय का हो?"

किती सोपं होतं! हो म्हणायचं. एक अक्षर. पण या बाईंच्या देखत, या मुलीच्या देखत, आपण काल आलेल्या पोरासारखी चूक केली म्हणायचं? त्यापेक्षा त्याला दुष्ट ठरणं सोसलं. त्याने पडद्यावरची नजर काढली नाही.

"माझ्या हातून चुका होत नाहीत," तो म्हणाला. "ते नाव मी ठेवलंय."

मुलगी "बरं," म्हणाली आणि गेली. अधीक्षक बाई त्याच्याकडे किळस आल्यासारखं बघत होत्या. "आत्ताच्या आत्ता काढा ते," एवढंच त्या बोलल्या. या वेळी त्याने आधी यंत्रणा बंद केली, मग ओळ पुसली, मग यंत्रणा सुरू केली आणि फाइल उघडून बघितली. ओळ गेलेली होती.

संध्याकाळी घरी ताईला त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. तिने खोदून खोदून विचारलं. अखेर तो म्हणाला, "मी काढलं होतं, ताई. दुपारीच काढलं होतं. माझ्या हातून चूक झाली, ते परत आलं."

"हे पोरीला सांगितलंस?"

"बाई उभ्या होत्या तिथे."

ताईने कपाळावर हात मारला. मग फोन उचलला, मुलीचा नंबर लावला आणि तो त्याच्या हातात कोंबला. "आता इथे कोणी बाई नाही नि बुवा नाही. मला सांगितलंस तेच तिला सांग."

पलीकडून आवाज आला. "आत्या?" मागे कुठेतरी एक लहान मूल मोठमोठ्याने काहीतरी मागत होतं.

एरंडेलने घसा खाकरला. "तुझा प्रिंटर चालू झालाय," तो म्हणाला.

पलीकडे मुलीने लेकीला गप्प केलं. मग मुलगी म्हणाली, "होकार कळवला मी त्यांना. पण अजून फिरवता येईल. एवढंच सांगायला फोन केलात?"

ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. हातानेच बोल, बोल म्हणत होती.

"हो," तो म्हणाला. "एवढंच."

ताईने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "पोरी," ती म्हणाली, "तू जा. खुशाल जा. आणि घर लागलं की मला न्यायला ये."