सत्तारचाचांची सही

खर्ड्याच्या सत्तारचाचांचं घर आपल्या जिल्ह्यात आणि भाकरी मोगलाईत. इकडं इंग्रजाचा अंमल, हद्द ओलांडली की निजामाचा. पलीकडच्या कचेरीचा कारभार सगळा उर्दूत, आणि तिथं हेलपाटे घालणारा शेतकरी मराठी. या दोघांच्या मध्ये, कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली, चाचा पोतं अंथरून, शाई-बोरूची पेटी पुढ्यात घेऊन बसायचे. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे.

त्यांची एक रीत होती. माणूस रडत आला की ते बोरू खाली ठेवायचे. "आधी पोटातलं सगळं बोल. मग मागणं सांग, एका दमात." मग उर्दूत लिहायचे, मराठीत वाचून दाखवायचे, गड्याचा अंगठा शाईच्या गादीवर दाबायचे, आपल्याच फडक्यानं तो पुसून द्यायचे. अगदी शेवटी लिहिणाराची सही. लांब शेपटीची, डौलदार. त्या सहीवर त्यांचा फार जीव. घरी शरिफाचाचींशी भांडण दखनीत, बाजारात मराठी, कागदावर उर्दू. म्हणायचे, "तोंडं तीन हायेत मला, पोट येकच."

मराठीत कारभार हवा म्हणून मी तेव्हा भिंतींवर घोषणा रंगवत हिंडत होतो. शाळा फारशी पाहिली नाही, पण माझं अक्षर कुठल्या मास्तराला हार जायचं नाही. निजामशाही गेली आणि एकोणपन्नास साली त्या कचेरीत मराठी आली. आम्ही गूळ वाटला. चाचांनीही खाल्ला.

झाडाखालची गर्दी आटली. चाचा मराठी बोलत ते माझ्याहून सरस, पण लिहिता एक अक्षर येत नव्हतं. मी म्हणालो, "बाराखडी शिकवतो."

"आता? हात वळखीच्या वाटंनं चालतोय, पुढारी. नवी वाट डोळ्याला दिसत न्हाई."

अशात खर्ड्याचा मच्छिंद्र आला. त्याचं रान हद्दीपलीकडं, आणि शेजाऱ्यानं गाडीवाट अडवलेली. सवयीनं चाचांपुढंच बसला.

"चाचा, लिवा."

"मी सांगतो, ह्यो लिवील."

मी लिहून वाचलं, "सदरहू वहिवाटीच्या मार्गास अवरोध करण्यात आला असून..."

"कुनी काय केलं?" मच्छिंद्र घाबरला.

चाचा हसले. "पुढारी, उर्दू गेली म्हनत हुतास! मला तर आजून तीच ऐकू येतीया. लिही, माझी गाडीवाट शेजाऱ्यानं काटं टाकून बंद केली. मोकळी करून द्या. बास."

मला झोंबलं. तरी लिहिलं. मच्छिंद्रनं अंगठा दिला, खाली चाचांनी सही केली. शब्द त्यांचेच होते.

खिडकीतल्या कारकुनानं कागद परत सरकवला. "ही सही चालायची नाही. नाव मराठीत घाला."

"येत न्हाई, साहेब."

"मग ज्यानं लिहिलंय तो करील. नाहीतर तुम्ही अंगठा द्या. अडाण्यांना सोय आहे ती."

मी खिडकीचे गज धरले. "अडाणी कुणाला म्हणतोस रे? तुझ्या कचेरीचं निम्मं दप्तर ह्या माणसाच्या हातचं आहे!"

"असेल. ते आता वाचतो कोण?"

मी लेखणी काढली. चाचांनी माझं मनगट धरलं. "तू करू नको. तू केलीस तर मी हुतो हे कुटं दिसंल?"

त्यांनी आपली पेटी उघडली. लोकांचे अंगठे ज्या गादीवर दाबले, तिच्यावर आपला दाबला आणि सहीशेजारी उठवला. कारकुनानं कागद आत घेतला.

"चाचा, आता आपुन दोगं सारकंच झालो," मच्छिंद्र म्हणाला. कुणी हसलं नाही. मग त्यानंच पेटीतलं फडकं घेतलं आणि चाचांचा अंगठा पुसला. नखातली शाई काही निघेना.

मी अजून खिडकीशी तणतणत होतो.

"चल रं," चाचा म्हणाले. "तुज्या मनासारखं तर झालं सगळं. आता कुनाशी भांडतोस? लई दमलोय मी."

झाडाखाली येऊन त्यांनी पोतं झटकलं, घडी घातली. रोज काखेत मारायचे. त्या दिवशी माझ्या हातात दिलं आणि पेटी उचलून खर्ड्याच्या वाटेला लागले.