वाटणीत गेलेली अर्धी पोथी

पोथीसुद्धा अर्धी वाटून घेतात, हे मी पातूरला जाईपर्यंत ऐकलं नव्हतं. दोघा भावांची वाटणी झाली. शेत अर्धं, भांडी अर्धी, तशी पोथीही मधोमध उघडून अर्धी पानं याला, अर्धी त्याला! काय पण न्याय! जुन्या पोथ्यांच्या मागं मी वऱ्हाडभर हिंडते. वाळवीनं खाल्लेल्या पाहिल्यात, नदीत सोडल्याचं ऐकलंय, पण हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

वाटणी झाली ती पातूरला मी ज्यांच्याकडं गेले त्या काकूंच्या सासऱ्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची. काकू आता थकल्यात, तरी दर चातुर्मासात आपली अर्धी पोथी वाचतात. गोष्ट एका सुनेची. ती घरात कुणाला न सांगता निघते, रान ओलांडते, पूर आलेल्या नदीत पाय घालते, आणि पान संपतं. वाक्यसुद्धा पुरं होत नाही.

"मी लग्न होऊन आली तवापासून ते बाई पाण्यातच उभी हाये," काकू म्हणाल्या. "मी जायच्या आंधी मले कळू दे वं माय, बुडाली का निघाली ते. बाकीची पानं मोर्शीवाल्यायजवळ, अन् ते तं आमच्याशी बोलत नाहीत."

आता मला कुठला दम निघतोय! काकूंच्या शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि थेट मोर्शी गाठली. थोरल्या भावाचा नातू तिथं वकील आहे. पातूरचं नाव काढताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वाटणीचं काही असन तं कोर्टात बोला."

"अहो, मला पोथी पाहायची आहे फक्त!"

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर लाल कापडातली पानं बाहेर आली. त्यांच्या पहिल्या पानाशेजारी मी माझा फोटो धरला. समासाच्या तांबड्या रेघा तशाच, अक्षराचं वळण तेच, आणि पानाचा आकडा बरोबर पुढचा! मी एवढ्यानं ओरडले की वकीलसाहेबांच्या बायको लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. पहिलीच ओळ वाचली. बाई पलीकडच्या काठाला लागली होती.

तिथूनच काकूंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ओळ वाचून दाखवली. पलीकडून हुंदका आला की हसू, कळेना. "निघाली वं माय! निघाली!" माझेही डोळे भरून आले.

वकीलसाहेबांनी माझ्या हातातला फोन घेतला.

"काकू, मी मोर्शीहून बोलून राहिलो. आमच्या घरी पोथी इथूनच सुरू होते. ओलीचिंब बाई येते कुठून तरी. आमची माय मरेपर्यंत पुसत होती, हे बाई कोन, अन् घरून निघाली काहून?"

"बस मंग खाली," काकू म्हणाल्या. "अन् आयक."