माझ्या प्लॉटवरचं हत्तीगवत

मंडळी, हैदराबादबाहेर कुणाचा मोकळा प्लॉट पडून असेल तर हे वाचा.

आज सकाळी तारनाक्याहून घटकेसरच्या पुढे आमचा प्लॉट बघायला गेले. कचरा आणि काटेरी झुडपं असतील असं वाटलं होतं. बघते तर माझ्या डोक्याच्या वर गेलेलं हिरवंगार हत्तीगवत. हद्दीचे दगड कुठे दिसेनात.

एक म्हैसवाला गवत कापत होता. मी मालकीण आहे म्हटल्यावर जराही दचकला नाही.

"मॅडम, लोगां कचरा डालरे थे. मैं साफ कर्को घास लगाया. आप बोले तो कल निकाल देतूं."

शेजारच्या प्लॉटच्या मालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "चांगलंय की, फुकटचा राखणदार मिळाला."

पण मी नांदेडकडची, आमच्या घरी म्हशी होत्या. ज्याला उठून जायचंय तो मका नाहीतर ज्वारी पेरतो. एकदा कापली की रान मोकळं. हत्तीगवताची कांडी एकदा लावली की कितीही कापा, वर्षानुवर्षं फुटत राहते. 'कल' म्हणणारा माणूस हे गवत लावत नाही.

हे मनात घोळवत मी उन्हात उभी होते. तेवढ्यात त्याने विळा खाली ठेवला, गवताआड बांधलेल्या ताडपत्रीच्या आडोशाकडे हात केला आणि अगदी मायेने म्हणाला, "धूप में कायकू खडे, मॅडम? अंदर आओ, चाय पियो."

माझ्याच जमिनीवर मला 'अंदर आओ'.

मी चहा घेतला नाही. तुम्ही घेतला असता?