हिसकावलेला डाव

शकूच्या हातातला मोबाइल मी हिसकावून घेतला, हे आधीच सांगून टाकते. शकुंतला माझी धाकटी नणंद. मागच्या महिन्यात गेली. जायच्या आदल्या दुपारी ती खिडकीशी बसून मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होती. कपाळावरून घाम वाहत होता, डावा हात छातीवर दाबलेला आणि उजव्या हाताचं बोट पडद्यावर. मी म्हटलं, "ऊठ, दवाखान्यात चल." तर म्हणते, "वहिनी, दोन मिनिटं. हा डाव निघाला की हजार होतात." मी मोबाइल ओढला, पलंगावर फेकला आणि सुनेला, मनीषाला, रिक्षा आणायला पिटाळलं.

हजार म्हणजे तिचे मार्क. जिंकलं की वाढतात, हरलं की घटतात. शकू शाळेत शिकवायची. नवरा गेला, नोकरी संपली, तशी राजपुऱ्यात आमच्याकडे राहायला आली. मनीषाने तिला तो खेळ मोबाइलमध्ये घालून दिला, समोर खेळायला कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, आणि पहिल्याच दिवशी आरडाओरडा... "वहिनी, हा ब्राझीलवाला बेईमान आहे! प्यादं एकदम दोन घरं उडवलं!" शकू खेळ शिकली होती ती वडिलांच्या बैठकीत, दाराआडून बघून. मुलींना पटाशी बसू देत नसत. त्या बैठकीत प्यादं एकच घर चालायचं. मनीषाने समजावलं, "आत्या, पहिल्या चालीला दोन घरं चालतात आता." शकूने ऐकलं आणि सोडून दिलं. "चल बाई, एकच घर," म्हणत ती आपली प्यादी सरकवत राहिली. राजाला हत्तीआड लपवायची सोय आहे म्हणे, तीही तिने कधी वापरली नाही. "राजा काय पळपुटा आहे?" म्हणायची.

अशा खेळाने वर्षभर ती नुसती हरली. मार्क सहाशेच्याही खाली. मी डिवचायची, "बी.ए. झालीस आणि नापास?" ती उलटून बोलायची, "तुम्ही चौथीवाल्या, डाळ निवडा गुपचूप." पण हळूहळू तिला एक कळलं. समोरच्याला घाई असते. तो घोडे-उंट घेऊन धावत येतो, आणि हिची प्यादी दाटीवाटीने, एकमेकांना धरून उभी. डोकं आपटून तो दमला, चुकला, की ही त्याचा एकेक मोहरा उचलायची. स्वतः घाई करायचीच नाही, त्यामुळे कितीदा तर चालीची वेळ संपून नुसती घड्याळावर हरली. तरी सातशे, मग आठशे... त्या दुपारी हजाराला चार कमी होते.

डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. हे त्यांनी मला सांगायलाच नको होतं. संध्याकाळी तिला बोलता येत होतं. पहिलं विचारलं काय, तर "डाव?" मी म्हटलं, "जिंकलीस." "मी न खेळता?" म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "जाऊ द्या वहिनी, हरतच होते. वजीर गेला होता माझा." पहाटे ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे गेले, तरी ते बोलणं डोक्यातून जाईना. शेवटी मनीषाला तो डाव उघडायला लावला. वेळ संपली म्हणून हार, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "तिचा वजीर कुठे होता ते दाखव." मनीषाने बोट ठेवलं. वजीर पटाच्या मधोमध उभा होता.

म्हणजे खोटं बोलली. मला रागच आला. जन्मभर तोंडावर बोलणारी बाई, जाताना हिला कोणी सांगितलं होतं माझी समजूत काढायला? मनीषा म्हणते, "आई, वजीर असला म्हणजे जिंकतोच असं नाही. कदाचित आत्या खरंच हरत असतील." तिला मोहरे ओळखता येतात, त्यापुढचं कळत नाही. दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही मला. तोही समजूतच काढेल. त्या पटावर पुढे काय होणार होतं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. म्हणून जेवणं उरकली की तिच्या खुर्चीत बसते आणि मोबाइल उघडते. हत्ती सरळ जातो, उंट तिरका, एवढं झालंय. सध्या घोड्यापाशी अडले आहे.